फुटपाथवर गाडी लावू द्यायची का? माझं उत्तर : नाही

मेन रोडच्या फुटपाथवर चारचाकी लावायला रीतसर परवानगी द्या, अशी मागणी आता उघडपणे व्हायला लागलीय. चहाच्या टपरीवर, व्यापाऱ्यांच्या बैठकीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळीकडे तेच. पांढरा पट्टा मारा, दोन चाकं फुटपाथवर आणि दोन रस्त्यावर ठेवा, म्हणजे गाडीही उभी राहील आणि रस्ताही मोकळा राहील, असा हा फॉर्म्युला आहे. आज ना उद्या हा विषय नगरपरिषदेच्या सभेत येणार. म्हणून आधीच लिहितोय.

मला हे मान्य नाही. पोस्ट लांब झालीय, पण विषय आपल्या रोजच्या चालण्याचा आहे. शेवटपर्यंत वाचा, मग भांडायचं ते भांडा.

आधी समोरची बाजू. ती खोटी नाही. मेन रोड रुंद नाही. दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की मधून एसटी जात नाही. शनिवारच्या बाजारात तर ॲम्ब्युलन्स अडकते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. व्यापारी म्हणतात, गिऱ्हाइकाला दुकानासमोर गाडी लावता आली नाही तर तो बायपासच्या मॉलला जाईल किंवा घरी बसून ऑनलाइन मागवेल. आणि शेवटचा मुद्दा असा की, गाड्या तशाही फुटपाथवर लागतातच, मग परवानगी देऊन निदान शिस्त तरी लावा.

या तिन्ही मुद्द्यांना उत्तर देतो. पण त्याआधी कायदा काय म्हणतो ते बघू. कारण सभेत ठराव मांडणाऱ्यांनी तो बघितलेला दिसत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याखाली २०१७ मध्ये केंद्र सरकारने वाहन चालवण्याचे नियम नव्याने आणले. गाडी कुठे उभी करायची नाही याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत फुटपाथ स्पष्ट लिहिलेला आहे. त्याआधीच्या १९८९ च्या नियमांतही होता. म्हणजे ही बंदी कुणा नव्या साहेबाच्या डोक्यातून आलेली नाही, ती पस्तीस वर्षांहून जुनी आहे. केंद्राच्या नियमाने जे मना केलंय, त्याला नगरपरिषद हात वर करून परवानगी देऊ शकत नाही. असा ठराव झालाच, तर कुणीही जागरूक माणूस त्याला आव्हान देईल आणि त्यात आपल्याच करातले पैसे वकिलाच्या फीवर जातील.

दुसरी गोष्ट. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेच्या प्रकरणात एक आदेश दिला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की अडथळा नसलेला, दिव्यांगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फुटपाथवरची अतिक्रमणं हटवा, त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार करा, असं राज्यांना बजावलं. न्यायालय एकीकडे फुटपाथ मोकळे करा म्हणतंय आणि आपण दुसरीकडे त्यावर पट्टे मारून गाड्या चढवायच्या गोष्टी करतोय.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू आणि टेप घेऊन रस्त्यावर उतरू. इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक सूचना अशी की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट, मोकळी रुंदी हवी. बाजारपेठेत त्याहून जास्त. आता एखादी स्विफ्ट घ्या. ती रुंदीला पावणेदोन मीटरच्या आसपास भरते. म्हणजे पूर्ण फुटपाथ एका गाडीत संपला. आपल्या मेन रोडचा फुटपाथ तर मुळातच अरुंद. त्यात लाइटचा खांब, डीपीचा बॉक्स, दुकानाच्या पुढे आलेल्या पायऱ्या, वाढदिवसाचा फ्लेक्स. उरलेल्या जागेत ‘फक्त दोन चाकं’ ठेवली तरी माणसाला जायला काय उरतं? मांजर जाईल. हातात पिशवी घेतलेली बाई जाणार नाही. व्हीलचेअरचा तर प्रश्नच नाही.

मग माणूस काय करतो? फुटपाथवरून खाली उतरतो. रस्त्यावरून चालतो. पुढची गाडी ओलांडली की परत वर चढतो, परत उतरतो. चार-पाच वेळा असं झालं की कंटाळून रस्त्यावरूनच चालायला लागतो. आणि मग गाडीवाला काच खाली करून ओरडतो, ‘फुटपाथ कशाला दिलाय?’

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्ता अपघातांत गेली. त्यात पायी चालणारे ३२ हजारांवर होते. म्हणजे दर पाच मृतांमधला जवळपास एक जण गाडीतही नव्हता आणि गाडीवरही नव्हता, तो फक्त चालत होता. हे सगळे फुटपाथवरच्या पार्किंगमुळे गेले असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगवेगळी असणार. पण चालणाऱ्याला आपण हाताने धरून गाड्यांच्या वाटेत ढकलायचं आणि वर त्याला शिस्त म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि मृत्यूच्या आकड्यात न येणारं नुकसान वेगळंच आहे. आमच्या आळीत एक निवृत्त बाई राहतात. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी मराठी शिकवलं, मलाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. त्या सकाळी काठी घेऊन वाचनालयापर्यंत जायच्या. हल्ली दिसेनात म्हणून विचारलं, ‘बाई, वाचनालयात येत नाही आता?’ त्या म्हणाल्या, ‘अरे, जाऊ कुठून? फुटपाथवर गाड्या. खाली उतरलं की मागून टमटम. परवा एकाचा आरसा कोपराला लागला. पडले नाही एवढंच.’ आता त्या गच्चीवर फेऱ्या मारतात. पेपर घरी येतो. पण वाचनालयात त्यांची चार माणसं भेटायची, ती गच्चीवर भेटत नाहीत.

अपघात झाला की त्याची बातमी होते. एखाद्या माणसाने घराबाहेर पडणंच सोडून दिलं, याची बातमी होत नाही. पोलिसांत नोंद नाही, दवाखान्यात नोंद नाही. अशी किती माणसं आपल्या गावात घरात बसली असतील, याचा विचार करा. दृष्टिहीन माणूस, गरोदर बाई, बाळाला कडेवर घेतलेली आई, दप्तराच्या ओझ्याने वाकलेली पोरं. या सगळ्यांसाठी तो फुटपाथ आहे. त्यांच्याकडे दुसरा रस्ता नाही. गाडीवाल्याकडे मात्र पर्याय असतो. फार तर दोनशे पावलं जास्त चालावी लागतील.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सांगतो.

अतिक्रमणविरोधी पथक आलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. केळीवाल्याची हातगाडी उचलली जाते. चप्पल शिवणाऱ्याची पेटी टेम्पोत जाते. भाजीवाली मावशी टोपली उचलून गल्लीत पळते. आणि त्याच हातगाडीच्या शेजारी सकाळपासून उभी असलेली पांढरी गाडी तशीच उभी राहते. पथक तिला वळसा घालून पुढे जातं.

१९८५ मध्ये पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या प्रसिद्ध खटल्यात मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर होता. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण त्याच वेळी हेही सांगितलं की फुटपाथ लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहेत, ते अडवून राहण्याचा हक्क कुणाला नाही. म्हणजे ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही, त्यालासुद्धा या देशाने सांगितलं की बाबा, फुटपाथ चालायला आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये कायदा झाला. त्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, शुल्क आहे, ठरवून दिलेली जागा आहे, समिती आहे. पोटासाठी चार फूट जागा वापरणाऱ्याला एवढे सोपस्कार. आणि गाडी लावणाऱ्याला? ना अर्ज, ना शुल्क, ना समिती.

एक छोटी गाडी साधारण ७० ते ७५ चौरस फूट जागा घेते. मेन रोडवर एवढ्या जागेचा गाळा भाड्याने मागून बघा, किती आकडा सांगतात ते. तीच जागा गाडीला सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत फुकट मिळते. आणि आता ती कायमची फुकट करून द्या, अशी मागणी आहे. याला मी शिस्त म्हणणार नाही. याला अतिक्रमण नियमित करणं म्हणतात. ही सवलत झोपडीला मागितली की याच ग्रुपवर काय काय लिहिलं जातं, ते मी वाचलेलं आहे.

आता ‘जागाच नाही’ या मुद्द्याकडे येऊ. मुळात गाड्यांची जागा गेली कुठे?

इमारतीला परवानगी देताना पार्किंग दाखवावंच लागतं. डिसेंबर २०२० पासून राज्यात मुंबई आणि काही मोजके भाग सोडून बहुतेक ठिकाणी एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि किती फ्लॅटला, किती दुकानांना किती गाड्यांची जागा सोडायची, याचं कोष्टक तीत आहे. नकाशावर ती जागा असते. पण मेन रोडवरच्या इमारतींच्या तळमजल्यावर जाऊन बघा. नकाशात जिथे पार्किंग आहे, तिथे शटर लागलंय. कुठे मोबाइलचं दुकान, कुठे झेरॉक्स, कुठे गोडाऊन. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात स्पष्ट केलं की इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. आपल्याकडे ती नुसती विकली नाही, तिच्यावर गाळे काढले. आतली जागा विकून खाल्ली आणि बाहेरची जागा नगरपरिषदेकडे मागायची, असा हा हिशोब आहे.

म्हणून नगरपरिषदेला माझी पहिली विनंती हीच आहे. मेन रोडवरच्या प्रत्येक व्यापारी इमारतीचा मंजूर नकाशा काढा आणि पार्किंग कुठे दाखवलंय, आज तिथे काय आहे, याची यादी नोटीस बोर्डावर लावा. फुटपाथचा ठराव त्यानंतर बघू.

व्यापाऱ्यांच्या भीतीबद्दल. माझे अनेक मित्र दुकानदार आहेत आणि त्यांचा धंदा बुडावा असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट त्यांनीच शांतपणे बघावी. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली गाडी गिऱ्हाइकाची असते का? गिऱ्हाईक वीस मिनिटांत, फार तर तासाभरात जातं. जी गाडी सकाळी शटर उघडताना लागते आणि रात्री शटर पडल्यावर निघते, ती मालकाची तरी असते, नाहीतर शेजारच्या ऑफिसातल्या साहेबांची. म्हणजे गिऱ्हाइकाची जागा आपणच अडवतो आणि गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून फुटपाथ मागतो.

आणि आपल्या बाजारात येणारं गिऱ्हाईक आहे तरी कोण? आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने, वडापने येणारी माणसं. स्टँडवर उतरून चालत बाजारात येणाऱ्या बाया. कापड, भांडी, किराणा, खतं घेणारी हीच माणसं. त्यांना दुकानापर्यंत नीट चालत येऊ द्या. गाडीआड लपलेल्या दुकानाची पाटी चालणाऱ्याला दिसत नाही, मग तो आत कसा येणार?

पुण्याचं उदाहरण घेऊ, चांगलं आणि वाईट दोन्ही. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण केलं. जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद केले, तिथे आज माणसं बसतात, चालतात. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो. त्याच पुण्यात २०१८ मध्ये पार्किंगला पैसे लावण्याचं धोरण मंजूर झालं, विरोध झाला, निवडक रस्त्यांपुरतं खाली आलं आणि तेही रेंगाळलं. म्हणजे फुटपाथ चांगला करणं जमतं. पार्किंगचे पैसे मागणं मात्र कुठल्याच पक्षाला जमत नाही, कारण गाडीवाला मतदार रागावतो. पायी चालणारा मतदार संख्येने जास्त आहे, पण तो रागावत नाही. तो खाली उतरून रस्त्यावरून चालायला लागतो.

कुणी म्हणेल, परदेशात तर फुटपाथवर गाड्या लावतात. काही ठिकाणी लावतात, खरं आहे. पण लंडनमध्ये १९७४ च्या कायद्यापासून फुटपाथवर गाडी लावायला सरसकट बंदी आहे. जिथे सूट द्यायची तिथे तसा फलक लावावा लागतो. स्कॉटलंडने २०१९ मध्ये कायदा करून बंदी आणली आणि डिसेंबर २०२३ पासून दंड आकारायला सुरुवात केली. ते लोक परवानगीकडून बंदीकडे निघालेत, आपण बंदीकडून परवानगीकडे.

एक अडचण मात्र मी मान्य करतो. जुन्या पेठेतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे फुटपाथच नाही आणि घराखाली पार्किंगही नाही. तिथल्या लोकांनी गाडी कुठे लावायची? त्याला साधा उपाय आहे आणि तो आपल्याला माहीत आहे. पी-१, पी-२ च्या पाट्या. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला. ज्या गल्लीतून अग्निशमनची गाडी जाऊच शकत नाही, तिथे चारचाकी लावायचीच नाही. हे कडू वाटेल. पण घराला आग लागली तर तिथल्याच लोकांचा जीव जाणार आहे.

‘तशाही लागतातच’ या मुद्द्याबद्दल थोडं. लागतात, कारण लावल्यावर काही होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बेवारस किंवा अडथळा करणारी गाडी पोलीस उचलूही शकतात. पण आपल्याकडे विचारायला गेलं की नगरपरिषद म्हणते हे पोलिसांचं काम, पोलीस म्हणतात टोइंगची गाडी नाही, मनुष्यबळ नाही, नगरपरिषदेने बघावं. या टोलवाटोलवीत गाडी निवांत उभी असते. हेल्मेटशिवाय माणसं फिरतात म्हणून आपण हेल्मेटची सक्ती रद्द करा म्हणत नाही ना?

शिवाय खर्चाचं बघा. फुटपाथला बसवतात ते पेव्हर ब्लॉक माणसांच्या वजनाचे, साधारण ५० ते ६० मिलिमीटर जाडीचे. गाड्या चालायच्या तर ८० मिलिमीटर किंवा त्याहून जाड लागतात. आपल्या फुटपाथखाली गटार आहे. हजार किलोची गाडी रोज वर चढते, ब्लॉक खचतात, चेंबरचं झाकण फुटतं. पावसाळ्यात त्याच फुटक्या झाकणात कुणाचा तरी पाय जातो. मग नवं टेंडर निघतं. आणि डांबरावर डांबर ओतून रस्ता दर वेळी वर येतो, फुटपाथची कड बुटकी होते, गाडी चढवायला अजून सोपं जातं. हे चक्र आपल्याच घरपट्टीवर चालतंय.

नुसतं नाही म्हणून उपयोग नाही, म्हणून पाच गोष्टी मागतो.

१. मेन रोडच्या फुटपाथच्या कडेला खांब बसवा. व्हीलचेअर जाईल पण गाडी चढणार नाही, एवढ्या अंतरावर.

२. आठवडी बाजाराचं मैदान सहा दिवस रिकामं असतं. तिथे पार्किंग करा. पहिला तास फुकट, पुढे पैसे. मैदान ते मेन रोड पाच मिनिटांचं चालणं आहे.

३. रस्त्यावर जिथे पार्किंग देता येतं, तिथे वेळेची मर्यादा घाला. गिऱ्हाइकासाठी एक तास. दुकानमालक आणि ऑफिसवाल्यांनी गाडी मैदानात लावावी.

४. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची वेळ ठरवून द्या. दुकानदारांची ही गरज खरी आहे, ती भागलीच पाहिजे.

५. कारवाई हातगाडीवर होईल त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, गाडीवरही होऊ द्या. आणि सुरुवात नगरपरिषद, तहसील आणि पोलीस ठाण्यासमोरच्या सरकारी पाट्यांच्या गाड्यांपासून करा. मग बघा, बाकीचे आपोआप सरळ होतात की नाही.

यातलं एकही काम कोट्यवधीचं नाही. कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही.

गाडी माझ्याकडेही आहे. बाजारात जाताना ती मी मैदानाजवळ लावतो आणि चालत येतो. त्यात काही मोठेपणा नाही. पाच मिनिटं लागतात.

आता तुमचं काम. उद्या सकाळी स्टँडपासून तहसील कचेरीपर्यंत फक्त फुटपाथवरून चालायचा प्रयत्न करा. किती वेळा खाली उतरावं लागलं, ते मोजा आणि कॉमेंटमध्ये आकडा टाका. फोटो टाकणार असाल तर नंबर प्लेट झाका, आपल्याला कुणा एकाला बदनाम करायचं नाही. जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या, त्यांचा आकडा वेगळा लिहा. आठवड्याने हे सगळे आकडे एकत्र करून मी मुख्याधिकाऱ्यांना आणि प्रत्येक नगरसेवकाला नेऊन देणार आहे. परवानगीच्या ठरावाला हात वर करायच्या आधी त्यांनी ते वाचावेत.

ज्यांना माझं म्हणणं पटलं नाही त्यांनीही लिहा. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या : फुटपाथवर गाडी लावली, तर चालणाऱ्याने चालायचं कुठून?